वाचकांचे प्रश्न : जुनाट आजार, जोड-उपचार आणि सोबत्यांचा गट

वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारांबद्दलच्या पत्रांत या वेळी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. डॉक्टरांच्या औषधांखेरीज आणखी काय करता येईल, आणि आपल्यासारखंच दुखणं असलेल्यांशी कसं जोडून घ्यावं. हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, कारण बहुतेक उपाय कानावर येतात ते अशाच कुणा सोबत्याकडून. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : मला आठ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात (प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो) आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे औषध घेते. आमच्या गटातल्या एका ताईंनी सांधेदुखीचं हर्बल चूर्ण सुरू केलं आणि चौथ्या दिवशी त्यांची बोटं मोकळी झाली. महिना झाला, त्यांनी बाकीच्या गोळ्या बंदही केल्यात. मी घेऊन पाहू का?

उत्तर : घेऊ नका, आणि त्या ताईंना आजच फोन करा. हा मामला तुमच्यापेक्षा त्यांच्या दृष्टीने जास्त तातडीचा आहे.

ऱ्हुमॅटॉइड सांध्याची सूज चार दिवसांत उतरवणारी वनस्पती आम्हाला माहीत नाही. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायलाही साधारण सहा ते बारा आठवडे जातात. इतक्या झटपट बोटं मोकळी होतात ती स्टेरॉइडने. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या औषधांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक मिसळल्याचं औषध-नियंत्रकांच्या तपासण्यांत वारंवार आढळलं आहे. वेष्टनावर त्याचा उल्लेख नसतो. भूक एकाएकी वाढणं, झोप उडणं, चेहरा गोल आणि फुगीर दिसणं, जरा धक्का लागला की काळंनिळं होणं, साखर किंवा रक्तदाब विनाकारण चढणं ही त्याची चिन्हं. यातली दोन-तीन एकत्र दिसली तर संशय पक्का धरावा.

मग चूर्ण फेकून द्यायचं का? एकदम नाही. स्टेरॉइड तीन-चार आठवड्यांहून जास्त पोटात गेलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. अशा वेळी बाहेरचा पुरवठा अचानक तुटला तर कमालीचा थकवा येतो, उलट्या होतात, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, रक्तदाब कोसळतो. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून ताईंनी चूर्णाचं पाकीट घेऊन एक-दोन दिवसांत डॉक्टरांना गाठावं आणि ‘यात स्टेरॉइड असेल का, सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी करायची का’ असं स्पष्ट विचारावं. कमी कसं करायचं ते डॉक्टर ठरवतील. उलट्या किंवा चक्कर आधीच सुरू झाली असेल तर भेटीची वेळ ठरेपर्यंत न थांबता थेट तातडीच्या विभागात जावं.

गोळ्या बंद करून महिना झाला तरी त्यांना बरं वाटतंय, यानेही फसू नका. मेथोट्रेक्सेट थांबवल्यावर आजार उसळायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्या मधल्या काळाचं श्रेय चूर्णाला मिळतं. आणि वेदना दबलेली असली तरी सांध्याचं हाड आतून झिजत राहू शकतं. ती झीज भरून येत नाही.

दुसरी काळजी जड धातूंची. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती. त्यांतल्या सुमारे २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. भस्म किंवा रसौषधी (पारा-धातूंपासून केलेली औषधं) बरेच महिने घेतली असतील तर रक्तातलं शिसं तपासून घ्यावं. घटक, प्रत्येकाचं प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादकाचा परवाना आणि मुदत यांतली एक जरी गोष्ट वेष्टनावर नसली तरी ते औषध घरात आणू नये. ‘गुप्त फॉर्म्युला’ असं सांगणाऱ्याकडून तर कधीच नाही.

प्रश्न : तांब्याचं कडं किंवा चुंबकाचा पट्टा वापरून सांधे खरंच कमी दुखतात का?

उत्तर : नाही. २०१३ साली ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या ७० रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने तांब्याचं कडं, चुंबकी पट्टा, कमी जोराचा चुंबकी पट्टा आणि जवळजवळ चुंबकत्व नसलेला पट्टा आलटून पालटून घातला. दुखण्यात, सुजेत किंवा आजाराच्या जोरात अर्थपूर्ण फरक दिसला नाही. आवडत असेल तर घाला, त्वचा हिरवट होण्यापलीकडे त्रास नाही. पेसमेकर असेल तर मात्र चुंबक छातीजवळ नेऊ नका.

प्रश्न : माझं वय ५८. थायरॉइडची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन चालू आहे. सोबत गुळवेल, ज्येष्ठमधाचा काढा, हळदीच्या कॅप्सूल आणि केसांसाठी बायोटिन घेते. सगळं नैसर्गिक आहे म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही. काही अडचण येईल का?

उत्तर : येईल, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी येईल. एकेक पाहू.

ज्येष्ठमध आधी थांबवा. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. कॉर्टिसॉल निष्प्रभ करण्याचं काम तिथे हे एन्झाइम करत असतं. ते अडलं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. रक्तदाब चढतो, पाय जड होतात, स्नायू दुबळे पडतात, हृदयाची लय बिघडू शकते. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून घटतं. काढा काही आठवडे चालू असेल तर पोटॅशियम तपासून घ्या.

हळद स्वयंपाकात असते तेवढ्याने बिघडत नाही. कॅप्सूलची गोष्ट वेगळी. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपेरिन घालतात. १९९८ च्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर माणसांत शोषण सुमारे २० पट वाढलं. जाहिराती हेच मिरवतात. पण अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, बहुधा सुरू केल्यापासून एक ते चार महिन्यांत. शिवाय वॉर्फरिन घेणाऱ्याला रक्तस्रावाचा धोका आहे. लसणाच्या कॅप्सूल, गिंको ही वनौषधी आणि माशाच्या तेलाचे मोठे डोस यांनाही हेच लागू.

गुळवेलीनेही यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि त्यांतली बरीच स्वतःच्या प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला चढवल्यासारखी दिसणारी आहेत. तुमचा थायरॉइड कमी होण्यामागे बहुधा स्वयंप्रतिकार आजारच असतो, म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काहीही घेण्याआधी तुम्ही दुप्पट सावध असायला हवं. अश्वगंधा सुचवली जाईल तेव्हा हेही लक्षात ठेवा की तिने थायरॉइडची पातळी वाढू शकते आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी तिच्याही नावावर आहेत.

बायोटिन शरीराला त्रास देत नाही, तपासणीला देतं. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, आणि केसांच्या गोळीत असतं ५ ते १० मिलिग्रॅम. काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त येतं, म्हणजे थायरॉइड जास्त झाल्यासारखा दिसतो. अहवाल पाहून तुमचा थायरॉइडचा डोस विनाकारण कमी केला जाऊ शकतो. रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि तसं प्रयोगशाळेत सांगा.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोह तिच्यानंतर चार तासांनी. इसबगोल घेत असाल तर इतर औषधांपासून दोन तास दूर आणि पूर्ण पेलाभर पाण्यासोबत, नाहीतर ते घशातच फुगू शकतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण नैराश्यासाठी ‘सौम्य वनस्पती’ म्हणून सेंट जॉन्स वर्ट कुणी सुचवेल. ती यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना जोर देते. वॉर्फरिन, गर्भनिरोधक गोळ्या, प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीची औषधं यांची रक्तातली पातळी त्यामुळे घसरते, आणि थांबवल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे टिकतो. ग्रेपफ्रूटचा रस उलट वागतो. कोलेस्टेरॉलवरच्या सिमव्हास्टॅटिनसारख्या काही औषधांची पातळी तो चढवतो.

डॉक्टर रागावतील या भीतीने बरेच लोक गप्प राहतात. पुढच्या भेटीला सगळ्या बाटल्या आणि पाकिटं एका पिशवीत घालून टेबलावर ठेवा आणि म्हणा, ‘मी हे घेते आहे. यातलं कुठलं माझ्या औषधांशी भांडतं ते सांगा.’ ‘घेऊ का’ असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं. असं विचारलंत तर डॉक्टरांना एकेक नाव वाचावं लागतं. ही यादी पाकिटात ठेवा. शस्त्रक्रिया ठरली तर वनौषधी साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. वॉर्फरिनबद्दल मात्र निर्णय डॉक्टरांचा. आणि यातलं काही थांबवल्यावरही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बदलू शकतं, म्हणून ते नेहमीपेक्षा लवकर तपासून घ्या.

प्रश्न : एखादा उपाय मला लागू पडतोय की नाही हे कसं ओळखायचं? दर वेळी सुरुवातीला बरं वाटतं आणि मग सगळं पहिल्यासारखंच.

उत्तर : जुनाट दुखणं चढत-उतरत असतं आणि माणूस नवा उपाय शोधतो ते दुखणं शिखरावर असताना. तिथून ते बहुतेक वेळा आपसूकच उतरतं. त्या आठवड्यात जे काही घेतलं असेल ते लागू पडल्यासारखं वाटतं. तुमचा अनुभव खोटा नाही, फक्त त्याचं कारण चुकीच्या ठिकाणी चिकटतं. वही हाच यावर उपाय.

काहीही नवं सुरू करण्याआधी १४ दिवस नुसती नोंद ठेवा. रोज एकाच वेळी, शक्यतो रात्री, तीनच गोष्टी लिहा: वेदना शून्य ते दहा, झोपेचे तास, आणि तुमच्या रोजच्या जगण्यातलं एक मोजता येणारं काम, उदाहरणार्थ न थांबता किती मिनिटं चालता आलं. तीनपेक्षा जास्त रकाने केलेत तर पाचव्या दिवशी वही बंद पडते. मग एकच बदल करा. उपाय सुरू करण्यापूर्वी थांबण्याची तारीखही लिहून ठेवा, कारण ती नंतर ठरत नाही. चार ते सहा आठवडे बहुतेक उपायांना पुरतात. मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलम दिवसातून तीन-चार वेळा नियमाने लावलं तरच आणि काही आठवड्यांनीच काम करतं. पहिले काही दिवस आग होते म्हणून बरेच लोक ते तिथेच सोडतात. (लावल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका.)

शेवटी पहिल्या १४ दिवसांची सरासरी काढा आणि शेवटच्या १४ दिवसांची. दहाच्या मापात दोन अंकांचा, किंवा मूळ वेदनेच्या जवळपास ३० टक्क्यांचा उतार असेल तर तो धरण्यासारखा. त्याहून कमी फरक रोजच्या चढउतारात हरवतो. गुण दिसला तर दोन आठवडे थांबून पाहा आणि पुन्हा सुरू करा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर उपाय तुमचा. हा ‘थांबून पाहण्याचा’ प्रयोग मलम, शेक, श्वसनाचे व्यायाम, ध्यान यांच्यावर करावा. डॉक्टरांनी दिलेल्या मूळ औषधांवर, विशेषतः स्टेरॉइड, फिट्सच्या, हृदयाच्या आणि मनाच्या आजारांच्या औषधांवर, कधीही नाही.

प्रश्न : मला मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या थकव्याचा आजार आहे. गटात फायब्रोमायाल्जिया (सर्वांगभर दुखण्याचा आजार) असलेले बरेच जण आहेत. ‘रोज थोडं वाढवत ने, आम्हाला ‘ताई ची’ या संथ चिनी व्यायामाने किती फरक पडला’ असं ते म्हणतात. मी प्रयत्न केला की दोन दिवसांनी अंथरुणाला खिळते. माझं काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं चुकत नाही, आणि तेही खोटं सांगत नाहीत. दोन्ही आजार वेगळे आहेत. फायब्रोमायाल्जियात व्यायाम खरोखर उपयोगी पडतो. २०१८ साली २२६ जणांवर झालेल्या एका चाचणीत ताई ची हे एरोबिक व्यायामाइतकं किंवा त्याहून सरस ठरलं. तुमच्या आजारात मात्र श्रमानंतर लक्षणं उफाळतात, आणि तीही लगेच नाही तर कित्येक तासांनी, अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणूनच कारण हातात येत नाही. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असं स्पष्ट सांगितलं.

तुमच्यासाठी वाट आहे ती शक्ती राखून वापरण्याची. दोन आठवडे प्रत्येक काम, त्याला लागलेली मिनिटं आणि पुढच्या तीन दिवसांची अवस्था लिहा. डोकं चालवणं आणि भावनिक ताण हेही श्रमच, त्यांची नोंद सोडू नका. ज्या पातळीला तिसऱ्या दिवशीही उसळी येत नाही ती तुमची मर्यादा. तिच्या आतच राहा, बऱ्या दिवशीसुद्धा. घात होतो तो बहुधा बऱ्या दिवशीच. साठलेली कामं उरकली जातात आणि पुढचे चार दिवस जातात. काम तुकड्यांत करा आणि दमण्यापूर्वी पडून विश्रांती घ्या. दमल्यावर घेतलेली विश्रांती उशिराची असते. गटातल्यांना हे सांगून, तुमच्यासारखाच आजार असलेले दोघंतिघं शोधता आले तर बघा.

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण आधारगट सुरू करू इच्छितो. आजार वेगवेगळे आहेत. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : आजार वेगळे असले तरी गट चालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि सहकाऱ्यांनी बसवलेला स्व-व्यवस्थापनाचा कार्यक्रम मुद्दाम मिश्र आजारांसाठी आहे. सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास, आणि चालवणारे दोघं. त्यांतला एकतरी स्वतः जुनाट आजारासोबत जगणारा. त्यातला सगळ्यात कामाचा भाग तुम्ही थेट उचलू शकता: साप्ताहिक संकल्प. प्रत्येक जण सांगतो की या आठवड्यात काय करणार, किती, केव्हा आणि किती दिवस. ‘व्यायाम करेन’ हा संकल्प नव्हे. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहा मिनिटं चालेन’ हा संकल्प. मग विचारायचं, हे जमेल याची खात्री दहापैकी किती? सातच्या खाली उत्तर आलं तर संकल्प लहान करायचा. पुढच्या वेळी जमलं नाही म्हणून कुणी रागवायचं नाही, अडथळा काय आला ते सगळ्यांनी मिळून सोडवायचं.

सहा ते बारा माणसं, नव्वद मिनिटं, ठरलेला वार. पहिली अर्धी वेळ प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं, मध्येच कुणी सल्ला द्यायचा नाही. मग एक विषय, शेवटी संकल्प. जागा पायऱ्या नसलेली, खुर्च्यांना हात असलेली, स्वच्छतागृह जवळ असलेली हवी. उग्र अत्तर-उदबत्ती नको. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे बरेच असतील, म्हणून सर्दी-ताप असलेल्याने घरूनच फोनवर सामील व्हावं, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. गैरहजर राहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एकाने फोन करायचा. बहुतेकदा तो आजार उसळल्यामुळेच आलेला नसतो आणि तेव्हाच त्याला गट हवा असतो.

नियम तीन पुरतात. इथलं बोलणं इथेच. कुणी कुणाला औषध सुरू किंवा बंद करायला सांगायचं नाही, ‘मी हे घेतलं, माझं असं झालं’ इतकंच बोलायचं. आणि गटात काहीही विकायचं नाही. तिसरा नियम सुरुवातीला फाजील वाटतो, पण गट मोडतात ते बरेचदा याच कारणाने. कुणीतरी एखाद्या पावडरीची एजन्सी घेतं आणि मैत्रीला भिडस्तपणा चिकटतो.

उपायांची एक सामायिक नोंदवही ठेवा: उपाय, उत्पादक व बॅच, प्रमाण, घेणाऱ्याचा आजार, त्याची इतर औषधं, किती आठवडे, काय झालं. नाव लिहू नका. ज्यांना काही गुण आला नाही त्यांच्याकडून नोंद मागून घ्या, कारण ते स्वतःहून बोलत नाहीत. गुण आलेले दोघं बोलतात, न आलेले आठ गप्प बसतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की सगळ्यांनाच गुण येतो. आमच्या मते गटाने केलेलं एवढं एक काम दहा भाषणांहून मोलाचं ठरेल.

बिघडतं कुठे? एकच माणूस बोलत राहतो. तीन मिनिटांचं घड्याळ सगळ्यांसमोर ठेवा. कुणाचं दुखणं मोठं यावर चढाओढ लागते. तेव्हा चालवणाऱ्याने ‘या आठवड्यात काय जमलं’ असं विचारून रोख वळवावा. चालवणारा थकतो, म्हणून दोघं, आणि दर तीन महिन्यांनी पाळी बदला.

प्रश्न : आईला पसरलेला स्तनाचा कर्करोग आहे. आधारगटामुळे आयुष्य वाढतं असं वाचलं. खरं आहे का?

उत्तर : १९८९ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात तसं दिसलं होतं आणि ते जगभर गाजलं. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या २३५ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं आढळलं नाही, आणि पुढे स्पीगल यांच्या स्वतःच्या नव्या अभ्यासातही एकंदरीत ते दिसलं नाही. २००१ च्या चाचणीत दिसलं ते हे: गटातल्या स्त्रियांना वेदना आणि मनाचा त्रास कमी जाणवला, विशेषतः ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या त्यांना. आईंना जायचं असेल तर याच कारणासाठी जाऊ द्या. ‘गेलीस तर जगशील’ हे ओझं त्यांच्यावर नको. त्यांना जावंसं वाटत नसेल तर त्यांचं काही नुकसान होत नाही.

प्रश्न : आमच्या गटात एकाने रात्री ‘आता हे सगळं संपवावंसं वाटतं’ असा निरोप टाकला. कुणालाच काय करावं सुचलं नाही.

उत्तर : ताबडतोब फोन करावा, गटात उत्तर लिहीत बसू नये. सरळ विचारावं, ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं विचारावं: कसं ते ठरवलंय का, साधन जवळ आहे का, केव्हा? ठरलेलं असेल तर एकाने फोनवर बोलत राहायचं आणि दुसऱ्याने घरच्यांना किंवा आपत्कालीन सेवेला कळवायचं. ‘इथलं बोलणं इथेच’ हा नियम इथे लागू नाही, आणि हे पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावं. घरात कुणी पोचेपर्यंत फोन ठेवू नये. जुनाट आजार असलेल्या घरात औषधांचा मोठा साठा असतो. तो घरच्यांनी ताब्यात घेऊन आठवड्यापुरताच बाहेर ठेवावा. यासाठी प्रत्येक सदस्याचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर गट चालवणाऱ्या दोघांकडे, सदस्याच्या संमतीने, आधीपासून असायला हवा. तसा नसेल तर पुढच्याच बैठकीत घ्या.